लाँचचा पंप, श्रावण त्र्याऐंशी

१० ऑगस्ट १९८३, बुधवार

आज पंप आपोआप चालला. दोन्ही नळ बंद. पाटबंधारे खात्याची लाँच धरणाच्या धक्क्याला बांधलेली. मी मागच्या बाकावर भाकरीचं फडकं सोडून बसलो होतो आणि एकदम घर्रर्र. तीन सेकंद. गप्प. घास तोंडाशी तसाच.

लाँचवर आम्ही दोघंच. नाना चालवतात, मी फिटर. नानांना विचारलं, तुम्ही नळ सोडला काय? म्हणाले, "मी तं दोर वळतोय." मग कोण? "उंदीर असंल." उंदरानं नळ सोडला? "मग हवा असंल," म्हणाले आणि पाठ फिरवली.

असं होऊ नये. नळ सोडला की पाइपातला जोर कमी होतो, पंप आपला आपण सुरू होतो. नळ बंद केला, जोर भरला, पंप थांबला. म्हणजे नळ न सोडता चालला तर टाकीतलं पाणी कुठनं तरी जातंय. घड्याळ लावून बसलो. बारा मिनिटांनी परत. परत बारा.

आमच्या सांगोल्यात नळ उघडून पाणी येत नाही म्हणून माणसं हैराण. इथं धरणावर येऊन नळ बंद करून पाणी थांबत नाही म्हणून मी हैराण.

११ ऑगस्ट, गुरु.

बेसिनच्या नळाचा वायसर बदलला. त्याआधी स्टोअरमध्ये एक तास. स्टोअरकीपर गांगुर्डे भला माणूस, पण नियम म्हणजे नियम. "जुना वायसर जमा कर, मग नवा." म्हटलं, जुना काढून आणला तर तोवर पाणी वाहून जाईल. "मग जुना न काढता नवा कसा बसवणार?" शेवटी जुना काढला, नळात चिंधी कोंबली, पळत गेलो, पळत आलो.

नवा वायसर. बारा मिनिटं. घर्रर्र.

आईचं पत्र आलंय, गुरुजींच्या अक्षरात. "पोरीकडची माणसं विचारत्यात, नोकरी कायम झाली का. त्यांना काय सांगू? हॉटेल सोडलंस, ट्रक सोडलास, साखर कारखाना सोडलास, मोटर वायंडिंगचं दुकान सोडलंस. आता पाण्यावरचीबी सोडू नको." खाली गुरुजींनी आपल्या मनानं एक ओळ घातली आहे : "धरसोड बरी नव्हे." गुरुजींनी मला सहावीपर्यंत पाहिलं. मीच शाळा सोडली, ते अजून विसरले नाहीत.

१३ ऑगस्ट, शनि. नागपंचमी

पाइपाचे सांधे उघडून बघणार होतो. नानांनी पान्यावर पाय ठेवला. "आज काही कापायचं नाय, खणायचं नाय, खोलायचं नाय." म्हटलं, पाना फिरवणं यात कुठं बसतं? "पिळणं आलंच ना त्यात?" पाना सोडला.

मग खोलल्याशिवाय तपास. चुलीतली राख आणून सांध्यासांध्यावर भुरभुरली. ओल असेल तिथं राख काळी पडते. केबिन कोरडी. मागची बाजू कोरडी. तळाशी पाणी आहे, पण पावसाळ्यात असतंच.

राहिलं पुढचं टोक. तिथं डेक धुवायचा एक नळ आहे. नाना म्हणाले, "त्याला कधीचं बूच मारलंय." मीही फार खोलात गेलो नाही. त्या टोकाला कठडा नाही आणि मला पोहता येत नाही. हे ऑफिसात ठाऊक नाही. फॉर्मवर 'पोहता येते काय' पुढं 'होय' लिहिलंय. सांगोल्यात ते खोटं पडायची भीती नव्हती.

१५ ऑगस्ट, सोम.

धक्क्यावर झेंडावंदन. सगळे सावधान. राष्ट्रगीत संपलं, सगळं चिडीचूप, आणि लाँचवरनं घर्रर्र.

ओव्हरसियर साहेब (इथून पुढं ओ.सा., हात दुखतो) मान न हलवता नुसते डोळे फिरवून माझ्याकडं बघत राहिले. नंतर :

"फिटर, तो आवाज कसला?"

"पंप, साहेब."

"सुरू कुणी केला?"

"कुणीच नाही."

"खात्याचा पंप कुणाच्या आदेशाशिवाय चालतोच कसा?"

मग बाजूला घेऊन म्हणाले, पाच सप्टेंबरला मोठे साहेब पाहणीला येणार. मला कायम करायचा प्रस्ताव त्यांच्याच सहीसाठी अडलाय. "त्या दिवशी पंप आपोआप चालला तर प्रस्तावही गेला आणि तूही."

जिलबी वाटली. दोन घेतल्या. चव लागली नाही.

१७ ऑगस्ट, बुध.

डोकं चालवलं. पंपापासून पाइपाच्या दोन फांद्या, प्रत्येकीवर पाणी अडवायचा कॉक. एक मागं, एक पुढं. मागचा कॉक फिरवून बंद केला : पंप चालला. मागचा उघडला, पुढचा बंद केला : अर्धा तास, पाऊण तास, चूप! म्हणजे पाणी पुढच्या बाजूला जातंय. आनंदानं ओरडलोच.

नानांना सांगितलं तर आनंद दिसला नाही. "तो कॉक लय जुना हे. जास्त पिळू नको."

चहा पिऊन आलो तर घर्रर्र. कॉक उघडा! मी बंद केलेला. नाना म्हणाले, "लाटांनी हालला असंल." धरणावर आज एवढीसुद्धा लाट नव्हती.

१८ ऑगस्ट, गुरु.

नवा कॉक आणायला अंबडला. स्टोअरला नाही, यायला तीन महिने; तिथं दुकानात मिळाला. तिथल्या नव्या कारखान्याच्या शेडमधला टर्नर माझी पान्याची पकड बघून म्हणाला, "इकडंच ये की. तिकडं काय पाण्यावर डुलत बसलास." जीव लगेच उडाला. पाय जमिनीवर, शिफ्ट, कँटीन. इथल्या खोलीवर कपड्यांची पेटी मी अजून पुरती उघडलेलीच नाही. येताना बसमध्ये अर्धा रस्ता तिकडं राहायला गेलो होतो मनानं. मग आईचं 'सोडू नको' आठवलं आणि आईपेक्षा गुरुजींची ती ओळ. त्यांना खरं ठरवायचं नाही.

आणि पंप. तो मला न सापडता मी गेलो तर तो जिंकला.

२० ऑगस्ट, शनि.

नवा कॉकसुद्धा उघडलेला सापडला. आता हद्द झाली.

आमच्याकडं दोन विहिरींचा झरा एकच आहे का हे बघायला एका विहिरीत रंग टाकतात, दुसरीकडं उमटतो का बघतात. तेच करायचं. गांगुर्डेंकडं नीळ मागितली. "नीळ कुठल्या सदराखाली दाखवू?" शेवटी दुकानातनं पन्नास पैशांची घेतली आणि आख्खी पुडी टाकीत ओतली. जिथं निळं दिसेल तिथं गळतंय. उद्या रविवार, कुणी येणार नाही, निवांत शोधू. नानांना सांगितलं नाही. कॉकवर माझा आता विश्वास नाही आणि नानांवरही थोडा कमीच.

२१ ऑगस्ट, रवि.

सगळा दिवस जसा झाला तसा लिहितो.

नऊ वाजता ओ.सा. सासऱ्यांना घेऊन हजर. सासरे निफाडचे, द्राक्षबागायतदार, पांढरंशुभ्र धोतर. "मामांना धरण दाखवायचंय." लाँच निघाली. मामांनी पेरू खाल्ला. बी अडकलं. मी सुकाणूजवळ होतो, केबिनमध्ये पंपाचा आवाज आला तेव्हा ध्यानात आलं आणि धावलो. उशीर झाला होता. मामांनी कवळी काढून बेसिनखाली धुतली होती, वर पेलाभर पाण्यात बुडवून ठेवली होती, आणि आता लावून बाहेर आले होते.

"जावईबापू, लाँच फर्स्ट क्लास आहे," म्हणाले आणि हसले. दात आभाळाच्या रंगाचे.

मामांना कुणीच काही बोललं नाही. मामा वाटेत भेटेल त्याच्याकडं बघून हसत हसत घरी गेले.

उतरताना ओ.सा. माझ्या कानाशी : "आजची फेरी लॉगबुकात लिहू नकोस." म्हटलं, नीळ लिहू? "तीही नको."

ते गेले आणि पुढनं नानांची हाक. हाक कसली, किंकाळी. "सांगोल्या! अरं सांगोल्या! महादेव निळा झाला!"

रांगत गेलो. पहिल्यांदाच त्या टोकाला. दोर ठेवायचा कप्पा आहे तिथं, कमरेइतका खोल, वर झाकण. नानांचे दोर, म्हणून त्याला कुणी हात लावत नाही. आत काथ्याच्या वेटोळ्यात बेलाची पानं, मधे ओंजळीएवढी काळी पिंड. वर सलाईनची बारीक नळी बांधलेली, दुसरं टोक बुचाच्या नळात. आणि पिंडीवर थेंब. टप. टप. टप. निळे.

नाना हात जोडून, डोळ्याला धार. "इष पचवलं रं त्यानं. माझ्या डोळ्यादेखत नीलकंठ झाला."

मी थेंब मोजले. सेकंदाला एक. बारा मिनिटांत जेवढं पाणी जातं तेवढ्यानं जोर बरोबर उतरणार. सगळं जुळलं. अकरा दिवस जे शोधत होतो ते हेच.

खरं सांगावं का? सांगितलं. "नाना, नीळ आहे. पन्नास पैशांची. मी घातली."

नानांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "बरं. त्यानं तुझ्या हातून घातली."

अशा माणसापुढं फिटरचं काही चालत नाही.

२२ ऑगस्ट, सोम.

नानांनी आज सगळं सांगितलं. त्यांचं गाव या पाण्याखाली आहे. मोठं देऊळ खालीच राहिलं. ओट्यावरची ही धाकटी पिंड त्यांनी होडीतनं आणली. तेव्हापासून नेम : श्रावणभर रात्रंदिवस धार, खंड नाही. आधी तांब्याभांड्यानं करायचे, रात्रीही लाँचवरच निजायचे. यंदा गुडघ्यानं दगा दिला, वाकता येईना. दवाखान्यातल्या कंपाउंडरनं नळी दिली. पंप चालेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही. आणि चालायला लागला तेव्हा बोलायची चोरी. कॉक तेच उघडत होते.

म्हटलं, "नाना, तुमचा महादेव तर अख्खा धरणात बसलाय. त्याच्या डोक्यावर एवढं पाणी. अजून थेंब कशाला?"

"ते पाणी सरकारनं घातलंय," नाना म्हणाले. "मी नाय."

मी पाना पुसून ठेवला.

आता अडचण अशी. दिवाळीला नाना रिटायर. खात्याच्या पाइपाला छेडछाड असं कागदावर आलं तर त्यांची पेन्शन लटकणार. आणि पाच तारखेला पंप आपोआप चालला तर मी लटकणार. नाना स्वतःच म्हणाले, "काढून टाक नळी. तुझं लगीन अडलंय." म्हणाले खरं, पण हात नळीवरच होता. मी म्हटलं, राहू द्या, बघू.

२३ ऑगस्ट, मंगळ. नारळी पौर्णिमा

नानांनी धरणाला नारळ वाहिला. मला म्हणाले, तूबी मागून घे. मी मागितलं : धार थांबू नये आणि पंप चालू नये. धरणाचं पाणी नारळ घेऊन निघून गेलं.

२६ ऑगस्ट, शुक्र.

तांब्याच्या कळशीला भोक पाडून वर टांगली. लाँच हालली की कळशी डावीकडं, पिंड उजवीकडं. महादेव कोरडा, माझ्या दोन्ही पायांवर अभिषेक. नाना म्हणाले, "तुला तरी पुण्य लागलं."

२९ ऑगस्ट, सोम.

जमलं!! कंपाउंडरकडनं सलाईनची रिकामी बाटली आणली. कप्प्यातच आडव्या लाकडाला उलटी टांगली. बाटली हालू दे पाहिजे तेवढी, नळीचं टोक पिंडीच्या बरोबर वर काथ्यानं जखडलं. नानांची गाठ, माझी अक्कल. थेंब थोडा सावकाश केला. बाटली पाच तास पुरते. दिवसा मी भरतो, रात्री नाना.

बुचाच्या नळाला पुन्हा बूच. पंप सकाळपासून चूप. नळ सोडला तरच चालतो, शहाण्या माणसासारखा.

नाना बाटलीकडं बघून म्हणाले, "देवाला ॲडमिट केलंस की रं."

३१ ऑगस्ट, बुध.

तीन दिवस, एकदाही नाही. ओ.सा. दिवसातनं दोनदा येऊन पंपाला कान लावतात. त्यांनी देव पाण्यात घातलेत. आमचे आधीपासूनच आहेत.

बाटली भरायला दिवसातनं तीनदा पुढं जावं लागतं. अजून रांगतच.

५ सप्टेंबर, सोम.

मोठे साहेब आले. बुटके निघाले. ओ.सा.नी मला बजावलं होतं, पंपाजवळ उभा राहा, हूं की चूं झालं की आधी वायर ओढ.

लाँच मध्यावर. साहेब म्हणाले, हात धुतो. गेले, नळ सोडला. घर्रर्र! ओ.सा. दारातनंच ओरडले, "बंद कर! फिटर, बंद कर!" मी वायर ओढली. साहेब साबणाचे हात घेऊन बाहेर. "पाणी का गेलं?" ओ.सा. म्हणाले, "सर, पंप चालला होता." साहेब म्हणाले, "मग? मी नळ सोडला होता ना?" पंप चालणं म्हणजे बिघाड, हे आमच्या सगळ्यांच्या इतकं अंगात भिनलंय. वायर जोडली. साहेबांनी हात धुतले. "उत्तम चालतो की."

मग म्हणाले, पुढं जाऊन पाण्याची पातळी बघतो.

पुढं!! कप्प्यात बाटली, बाटलीखाली महादेव, शेवटचा श्रावणी सोमवार, धार चालू. मी साहेबांच्या आधी पळालो. पळालो, रांगलो नाही. जाऊन झाकणावर फतकल मारली.

साहेब : "हा इथं का बसलाय?"

ओ.सा. : "सर, हा फिटर."

"पण इथं का?"

सुकाणूवरनं नाना : "साहेब, त्याला पवता येत नाय. तिथं धरायला कडी हे."

ओ.सा.चा चेहरा. फॉर्म त्यांनीच तपासला होता. साहेब मात्र हसायला लागले. "पाण्यावर नोकरी आणि पोहता येत नाही? गाव कुठलं?" सांगोला म्हटल्यावर आणखी हसले. "मग बरोबर आहे." मांडीखालनं टप टप ऐकू येत होतं. मी मोठ्यानं खोकत राहिलो.

जाता जाता विचारलं, पंपाचा दोष काय होता? नाना सुकाणूकडं बघत होते. मी म्हणालो, "हवा धरली होती, साहेब." साहेबांनी मान डोलावली. हवा म्हटलं की साहेब लोक मान डोलावतात.

७ सप्टेंबर, बुध. अमावास्या

श्रावण संपला. नानांनी बाटली उतरवली, मला तीर्थ दिलं. थोडं निळसर होतं अजून. पिंड फडक्यात बांधून घरी नेली. नळी मला दिली. "ठेव. पुढल्या साली मी इथं नसंन."

नळी पेटीत ठेवायला गेलो तर जागा होईना, म्हणून कपडे काढून फळीवर लावले.

९ सप्टेंबर, शुक्र.

सकाळी ओ.सा.नी कागद दिला. साहेबांचा निरोप आलाय, सही करतो म्हणून, फक्त फिटरचा लेखी दाखला जोडा. "लिही. पंप तपासला, विनाकारण चालत नाही, दोषाचे कारण हवा. खाली सही. संध्याकाळच्या टपालात गेलं पाहिजे, उद्या गणपती."

कागद घेऊन लाँचवर आलो. 'पंप तपासला' लिहिलं. 'विनाकारण' लिहिलं.

घर्रर्र.

तीन सेकंद. गप्प.

पुढं गेलो. कप्पा रिकामा. बूच घट्ट, वर राख टाकली, कोरडी. बेसिन कोरडं. मागचा नळ कोरडा. परत येताना लक्षात आलं की मी टोकाला चालत गेलो होतो आणि चालत आलो.

नाना दोर वळत होते. "नाना, खरं सांगा."

"महादेवाची आण. नळी तं तूच नेली."

"मग कोण?"

नाना पंपाकडं बघत बसले. मग म्हणाले, "सवय लागली असंल त्याला."

पंपाला का महादेवाला, विचारायचं धाडस झालं नाही.

घड्याळ लावलं. बारा नाही. सतरा मिनिटांनी चालला. मग नऊ. मग चोवीस. हे थेंबाचं गणित नव्हे, हे काहीतरी तिसरंच. खरोखर हवा धरली असेल तर? म्हणजे मी साहेबांना खोटं सांगितलं ते आता खरं झालंय, आणि 'विनाकारण चालत नाही' हे खरं लिहायला बसलो ते खोटं.

नाना म्हणतात, "लिही रं. विनाकारण कुठं चालतोय? कारण तुला सापडलं नाय एवढंच."

गांगुर्डे धक्क्यावरनं हाका मारतायत, टपालाची पिशवी बांधायला घेतली म्हणून. दाखल्यावर तीनच शब्द आहेत. बाकी सगळं इथं वहीत लिहितोय, कारण तिथं पुढं काय लिहावं कळेना. पेन उजव्या हातात, पाना डाव्या. शेवटचा चालल्याला अकरा मिनिटं झाली. गांगुर्डेंना सांगितलं, एक मिनिट.

नाना पण दोर खाली ठेवून पंपाचा कानोसा घेतायत.